अख्ख्या धान्याचं व्हीगन स्टफिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टफिंगबद्दलचे प्रश्न माझ्याकडे दोन वेळांना येतात. काही जण आठवडाभर आधी, यादी हातात घेऊन विचारतात. बाकीचे भांडं ओव्हनमधून काढल्यावर, पाहुणे दारात असताना विचारतात. तुम्ही दुसऱ्या गटात असाल तर थेट प्रश्न १५ वर जा, बाकीचं नंतर वाचा. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी निदान ७ आणि ८ हे दोन प्रश्न सावकाश वाचावेत. इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून माझी खात्री झाली आहे की स्टफिंग बिघडतं ते पाण्याच्या हिशेबात. व्हीगन आहे म्हणून, म्हणजे अंडं, लोणी असं प्राण्यांपासून येणारं काहीच नाही म्हणून, ते बिघडत नाही.

१. स्टफिंग म्हणजे नेमकं काय? आत काही भरायचंच नसेल तर त्याला स्टफिंग का म्हणायचं?

वाळवलेल्या पावाचे तुकडे, परतलेला कांदा आणि सेलरी, सेजसारखी सुवासिक पानं, हे सगळं स्टॉकमध्ये (मांस किंवा भाज्या उकळून गाळलेल्या पाण्यात) भिजवून भाजलेला पदार्थ म्हणजे स्टफिंग. मुळात ते पक्ष्याच्या पोटात भरून भाजत, म्हणून हे नाव. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या जेवणात ते असतंच. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याला ‘ड्रेसिंग’ म्हणतात आणि ते बहुधा वेगळ्या भांड्यात भाजतात. आपण इथे जे करतोय ते असंच, पसरट भांड्यात भाजलेलं, मुख्य पदार्थाच्या शेजारी वाढायचं. मराठीत ‘सारण’ म्हटलं की कशाच्या तरी पोटातलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी ‘स्टफिंग’ हाच शब्द ठेवला आहे.

२. ‘अख्ख्या धान्याचं’ म्हणजे पाव अख्ख्या धान्याचा, की आत अख्खं धान्य घालायचं?

दोन्ही, निदान माझ्या पद्धतीत. अख्ख्या धान्यात कोंडा, अंकुर आणि मधला पिठूळ गर हे तिन्ही भाग शाबूत असतात. गव्हाच्या अख्ख्या पिठाचा पाव स्टॉक शोषून घेतो आणि मऊ होतो. शिजवलेला जव किंवा गहू दाताखाली येतो आणि त्या मऊपणाला आधार देतो. नुसत्या पावाचं केलं तरी चालतं, पण साधारण तिसऱ्या घासानंतर सगळे घास सारखे लागायला लागतात. धान्य त्यासाठी आहे.

३. ब्राउन ब्रेड वापरला तर चालेल ना?

रंगावर जाऊ नका. पावाचा तपकिरी रंग कॅरॅमलमुळे किंवा मळीमुळेही येतो आणि आत बहुतेक मैदाच असू शकतो. पाकिटावरच्या घटकांत पहिलं नाव गव्हाचं अख्खं पीठ हवं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी पुरतं. पाव जड आणि घट्ट विणीचा निवडा. कापसासारखा हलका, कापलेला पाव स्टॉक पडताच विरघळतो.

४. व्हीगन म्हणून घेतलेल्या वस्तूंत दूध-अंडं कुठे लपलेलं असतं?

पावात दूध पावडर, व्हे, लोणी किंवा वरून लावलेलं अंडं असू शकतं. अख्ख्या गव्हाच्या पावात मध तर बऱ्याचदा असतो, आणि तोच नजरेतून सुटतो. ‘व्हेजिटेबल’ लिहिलेल्या स्टॉकच्या वड्यांतही कधी कधी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असतं. वूस्टरशर सॉसमध्ये पारंपरिकपणे अँकोव्ही नावाचे मासे असतात. त्याच्या जागी सोया सॉस वापरा. परतताना वाइन घालणार असाल तर तीही तपासा, कारण वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासून मिळणारं आयसिंग्लास वापरण्याची पद्धत आहे. आणि जे नाव वाचून सगळ्यात जास्त लोक दचकतात, त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

५. कुठलं धान्य घ्यावं? आणि किती वेळ शिजवावं?

माझी पहिली पसंती जव, म्हणजे बार्ली. तो शिजल्यावर टपोरा होतो, जरासा चिवट राहतो आणि सेजच्या उग्र वासाखाली दबत नाही. मात्र बाजारात सहज मिळणारी पांढरीशुभ्र ‘पर्ल’ बार्ली अख्खं धान्य नव्हे. पॉलिश करताना तिचा कोंडा निघून जातो. ती साधारण ३० मिनिटांत शिजते. फक्त वरचं टरफल काढलेला, तपकिरी जव हवा असेल तर ४५ ते ६० मिनिटं धरा.

अख्खा गहू रात्रभर भिजवून तासभर शिजवावा लागतो, पण त्याचा चावा सगळ्यांत सुंदर. ब्राउन राइस ४० ते ४५ मिनिटांत होतो. तो मऊ पडतो, म्हणून अगदी मोकळा शिजला असेल तरच घाला. किनोआ १५ मिनिटांत तयार, फक्त आधी चोळून धुवा, नाहीतर सालावरच्या सॅपोनिनचा कडवटपणा उतरतो. माझ्या मते किनोआ स्टफिंगमध्ये हरवून जातो. ग्लूटेन टाळायचं असेल तेव्हा मात्र तोच कामाला येतो (प्रश्न १९).

वाइल्ड राइसबद्दल वेगळं सांगायला हवं. नावात राइस असला तरी तो आपल्या भाताच्या जातीचा नाही. उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत उगवणाऱ्या एका पाणगवताचं ते बी आहे. तिथले ओजिब्वे लोक त्याला ‘मनूमिन’ म्हणतात आणि होडीतून फिरून तो काढतात. ४५ ते ६० मिनिटांत दाणे फुटून आतला पांढरा भाग दिसू लागला की झाला. लांबट, काळसर, भाजक्या वासाचा हा दाणा मशरूमबरोबर इतका शोभतो की मिळाला तर निम्मा जव आणि निम्मा वाइल्ड राइस करा.

कुठलंही धान्य घेतलं तरी भरपूर पाण्यात, मीठ घालून, वेगळं शिजवा, चाळणीत निथळा आणि ताटात पसरून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या. कच्चं धान्य पावाबरोबर भांड्यात टाकून ‘ओव्हनमध्ये शिजेल’ असं समजू नका. ते शिजत नाही, आणि पावासाठी घातलेला स्टॉकही पिऊन टाकतं.

६. यादीत जव पण आहे आणि जवस पण. छपाईची चूक आहे का?

नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जव म्हणजे बार्ली, धान्य. जवस म्हणजे अळशी, चपटं चकचकीत तेलबी. जव शिजवून घालायचा. जवसाची पूड पाण्यात कालवून बांधणीसाठी वापरायची (प्रश्न ९). एकीने १०० ग्रॅम जवस शिजवून घातलं होतं आणि सगळा पदार्थ बुळबुळीत झाला, तेव्हापासून मी यादीत ‘जव (बार्ली)’ आणि ‘जवस (अळशी)’ असं लिहिते.

७. पाव शिळा घ्यायचा की ताजा आणून वाळवायचा?

वाळवायचा. शिळा होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कळला की अर्धं स्टफिंग जमलं.

पाव शिळा होतो तेव्हा त्यातल्या पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, रचना बदलते. भाजताना सैल झालेले स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांना चिकटून कडक होतात. पाणी फारसं न उडताही हे घडतं, म्हणून घट्ट बांधलेल्या पिशवीतला पावसुद्धा शिळा होतो. फ्रीजच्या तापमानाला तर ही क्रिया सगळ्यात जलद. पण त्या पावात पाणी जवळजवळ तितकंच असतं, आणि गरम केला की तो पुन्हा नरम पडतो. असा पाव स्टॉकमध्ये घातला तर तो आधीच पाण्याने भरलेला असतो. नवा स्टॉक आत शिरत नाही, बाहेरच चिकटतो आणि कडा लगद्यासारख्या होतात.

वाळवलेल्या पावातून पाणी खरोखरच गेलेलं असतं. स्पंजसारखी रिकामी जागा तयार झालेली असते आणि तिथे तुमचा स्टॉक जातो, म्हणजे पाण्याच्या जागी चव भरली जाते.

करायचं असं: पाव हाताने तोडा किंवा २ सेंटिमीटरचे तुकडे करा. दोन ट्रेमध्ये एका थरात पसरा. ओव्हन १२० अंश सेल्सिअसला ठेवून ४५ ते ६० मिनिटं वाळवा, मध्ये एकदोनदा हलवा. तुकडा दाबला तर मध्यभागीसुद्धा दबता कामा नये; मोडला तर टचकन तुटला पाहिजे. रंग येऊ देण्याची गरज नाही. वजनकाटा असेल तर अंदाज बांधावा लागत नाही: ४०० ग्रॅम पाव वाळून साधारण २७० ते २८० ग्रॅमवर आला पाहिजे, कारण पावात ३५ ते ४० टक्के पाणी असतं. ३५० ग्रॅमच्या आसपास अडकला असेल तर आणखी वेळ द्या.

हे काम दोन-तीन दिवस आधी करून पूर्ण थंड झालेले तुकडे हवाबंद डब्यात ठेवता येतात.

८. स्टॉक नेमका किती घालायचा? प्रत्येक कृतीत वेगळा आकडा दिसतो.

प्रत्येकाचा पाव वेगळा वाळलेला असतो, म्हणून. वर सांगितल्याप्रमाणे ४०० ग्रॅमचा पाव नीट वाळवला असेल, तर ५०० ते ६०० मिलिलिटर. पण सगळा एकदम ओतू नका.

आधी ४०० मिलिलिटर गरम स्टॉक गोलाकार शिंपडत घाला, हाताने खालीवर करा आणि दहा मिनिटं थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. अख्ख्या पिठातला कोंडा मैद्यापेक्षा जास्त पाणी घेतो, पण सावकाश घेतो. दोन मिनिटांनी जे कोरडं वाटतं ते दहा मिनिटांनी नेमकं ओलं असतं. मग ५०-५० मिलिलिटर घालत जा. एक तुकडा चिमटीत दाबा: तो मध्यापर्यंत नरम हवा, बोटांना ओल लागली पाहिजे, पण पाणी टपकता कामा नये. भांड्याच्या तळाशी स्टॉकचं तळं साचलं असेल तर जास्त झालं. लगेच काही वाळलेले तुकडे टाका. म्हणूनच मी मूठभर तुकडे नेहमी बाजूला ठेवते.

९. अंड्याशिवाय ते बांधलं कसं जाणार?

बहुतेकांना वाटतं तितकी बांधणीची गरजच नसते. भिजलेल्या पावातला स्टार्च ओव्हनमध्ये पुन्हा फुगतो आणि तुकडे आपोआप एकमेकांना धरतात. चमच्याने वाढायचं असेल तर काहीही घालू नका. वडीसारखे चौकोन कापून वाढायचे असतील, तर २ मोठे चमचे जवसाची पूड ६ मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. जेलीसारखं झालं की कोमट स्टॉकमध्ये फेटून घाला. पूडच हवी, अख्खं जवस तितकं नीट बांधत नाही. काबुली चण्याच्या डब्यातलं दाटसर पाणीही चालतं, एका अंड्याऐवजी ३ मोठे चमचे. बेसन कालवूनही बांधणी होते, पण मी ते टाळते, कारण भाजण्याआधी चव घेता येत नाही (प्रश्न १४).

१०. तुमचं मूळ प्रमाण एकदा सलग द्या ना.

सहा ते आठ जणांसाठी, शेजारचा पदार्थ म्हणून:

अख्ख्या गव्हाचा पाव ४०० ग्रॅम, वाळवून. जव (बार्ली) १०० ग्रॅम कच्चा, शिजवून निथळलेला. कांदे २ मोठे. सेलरीचे ४ देठ. मशरूम २५० ग्रॅम. लसूण ४ पाकळ्या. तेल ५ मोठे चमचे. ताजी सेज चिरून २ मोठे चमचे, थाइमची पानं १ मोठा चमचा. सोया सॉस १ मोठा चमचा. भाज्यांचा गरम स्टॉक ५०० ते ६०० मिलिलिटर. भाजलेले अक्रोड मूठभर. मिरपूड भरपूर, मीठ चवीप्रमाणे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर.

मशरूम रुंद कढईत थोड्या तेलावर मोठ्या आचेवर परता. आधी पाणी सुटेल, ते आटेल, मग तांबूस रंग येईल. रंग येईपर्यंत थांबा, कारण चव तिथूनच येते. मशरूम काढून उरलेल्या तेलावर कांदा आणि सेलरी मीठ घालून मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं परता. सेलरी कच्ची राहिली तर ओव्हनमध्ये मऊ होत नाही. लसूण, सेज, थाइम घालून मिनिटभर हलवा, वर सोया सॉस. मोठ्या परातीत पाव, धान्य, भाज्या आणि अक्रोड एकत्र करून प्रश्न ८ प्रमाणे स्टॉक घाला. तेल लावलेल्या, साधारण २३ × ३३ सेंटिमीटरच्या भांड्यात सैलसर पसरा. दाबू नका. झाकण किंवा फॉइल लावून १९० अंशाला २५ मिनिटं, मग उघडं करून आणखी १५ ते २० मिनिटं. वरचे कोपरे खरपूस झाले, कडेला चुरचुर ऐकू आली की काढा आणि दहा मिनिटं ठेवून वाढा.

सेलरी मिळाली नाही तर बडीशेपेचा गड्डा किंवा लीक घ्या. ओव्याची पानं घालू नका. ती पूर्ण वेगळी चव आहे.

११. यादीत ‘पोल्ट्री सीझनिंग’ असेल तर ते व्हीगन कसं?

नाव फसवं आहे. ते कोंबडीपासून बनत नाही, कोंबडीवर लावण्यासाठी बनवलेलं मिश्रण आहे: बहुधा सेज, थाइम, मार्जोरम, रोझमेरी, मिरपूड, जायफळ. घटक वाचून खुशाल वापरा. वरच्या प्रमाणात ताज्या पानांऐवजी २ छोटे चमचे पुरतात.

१२. ताजी सेज मिळत नाही. वाळकी किती घालू?

ताज्याच्या एक तृतीयांश. म्हणजे २ मोठ्या चमच्यांऐवजी २ छोटे चमचे. बारीक पूड असेल तर त्याहून कमी, कारण पूड पटकन कापरासारखी लागते. वाळकी पानं तेलातच, शेवटच्या मिनिटाला घाला. त्यांचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो. डबा उघडून वास घ्या. गवताचा वास आला तर ती जुनी झाली आहे, आणि जास्त घालून ती उणीव भरून निघत नाही, फक्त कडू होतं. ताजी मिळालीच तर सात-आठ अख्खी पानं गरम तेलात अर्धा मिनिट कुरकुरीत तळून वरून घाला.

१३. मांसाच्या स्टॉकशिवाय ती खोल चव येते का?

येते, पण पाण्यात एक वडी विरघळवून नाही. वाळवलेले शिताके मशरूम चार-पाच घ्या आणि लिटरभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. त्याच पाण्यात कांदा, गाजर, सेलरीची टोकं, मशरूमचे देठ, तमालपत्र आणि मिरी घालून ४० मिनिटं मंद उकळा आणि गाळा. वाळलेल्या शिताकेत ग्वानिलेट असतं आणि सोया सॉस, टोमॅटो, मिसो यांत ग्लुटामेट. ही दोन एकत्र आली की एकमेकांची चव कितीतरी वाढवतात. म्हणून शिताकेच्या स्टॉकमध्ये एक चमचा सोया सॉस एवढा फरक करतो. फ्लॉवर, कोबी स्टॉकमध्ये नकोत. उकळून त्यांना उग्र वास येतो. स्टॉकमध्ये मीठ घालू नका, ते शेवटी पावात घाला. तयार स्टॉक घेणार असाल तर कमी मिठाचा घ्या.

लोण्याऐवजी काय, असंही बरेच विचारतात. ऑलिव्ह तेल किंवा कुठलंही सौम्य वासाचं तेल. वनस्पतिजन्य लोणीही चालतं, मात्र ते खारट असतं. तेल कमी करायचा मोह झाला तर थोडंच कमी करा. पूर्ण काढलं तर पाव ओला राहतो, पण घशाला कोरडा लागतो.

१४. भाजण्याआधी चव घेतली तर चालेल?

चालेल, आणि घ्याच. व्हीगन स्टफिंगचा हा मोठा फायदा आहे. अंडं घातलेलं मिश्रण कच्चं चाखता येत नाही, त्यामुळे मिठाचा अंदाजच करावा लागतो. इथे पाव भाजलेला, धान्य शिजलेलं, भाज्या परतलेल्या आहेत. एक घास खा. मीठ किंचित जास्त वाटलं पाहिजे, कारण पाव ओव्हनमध्ये चव आणखी आत ओढून घेतो. फिकं वाटलं तर आधी मीठ, मग अर्ध्या लिंबाचा रस किंवा चमचाभर सायडर व्हिनेगर. अख्ख्या धान्याला एक मातकट जडपणा असतो, आणि तो आंबटाने उजळतो. बेसन किंवा कुठलंही कच्चं पीठ घातलं असेल तर मात्र चाखू नका.

१५. मदत! खाली लगदा झालाय / सगळं कोरडं पडलंय. आता काय?

लगदा झाला असेल तर: मोठ्या ट्रेमध्ये पातळ पसरा, ओव्हन २०० अंशाला, उघडंच १५ मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. ओलावा उडायला पृष्ठभाग लागतो. खोल भांड्यात कितीही वेळ ठेवलं तरी तळ सुकणार नाही.

कोरडं असेल तर: १०० मिलिलिटर उकळता स्टॉक एक मोठा चमचा तेल घालून शिंपडा, घट्ट झाका आणि दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. थंड स्टॉक घालू नका.

खारट झालं असेल तर बाजूला ठेवलेले कोरडे तुकडे आणि साधं शिजवलेलं धान्य मिसळा. दोन्ही नसेल तर बिनमिठाच्या भाजलेल्या भोपळ्याबरोबर वाढा.

पुढच्या वेळेसाठी: लगदा म्हणजे पाव वाळला नव्हता (प्रश्न ७), कोरडं म्हणजे दहा मिनिटं थांबून पुन्हा तपासलं नव्हतं (प्रश्न ८).

१६. ओव्हन नाही. गॅसवर होईल?

होईल, कवच फक्त एका बाजूला येईल. पाव जाड तव्यावर मंद आचेवर हलवत वाळवा. धीर लागतो, अर्धा तास तरी. मिश्रण जाड बुडाच्या पसरट भांड्यात, तेलावर, ३ सेंटिमीटरपेक्षा जाड थर न ठेवता घाला. झाकून मंद आचेवर १५ मिनिटं, उघडून मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं, न हलवता. मग ताटात उलटं करा. स्टॉक १०० मिलिलिटर कमी घ्या, कारण झाकणाखाली वाफ बाहेर जात नाही. स्लो कुकरलाही हाच नियम. एअर फ्रायरमध्ये थोडं थोडं करून छान कुरकुरीत होतं. मायक्रोवेव्ह फक्त गरम करायला.

१७. आदल्या दिवशी किती तयारी करता येते?

पाव वाळवणं, धान्य शिजवणं, भाज्या परतणं, स्टॉक करणं हे सगळं. एकत्र करून रात्रभर फ्रीजमध्येही ठेवता येतं, पण मी स्टॉक आयत्या वेळीच घालते. रात्रभर भिजलेल्या पावाचे कोपरे उरत नाहीत आणि खरपूस व्हायला काही राहत नाही. शिजवलेलं धान्य बाहेर तासन् तास ठेवू नका. भात आणि इतर शिजलेल्या धान्यांत बॅसिलस सेरियस हा जंतू वाढू शकतो, आणि त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरून लवकर थंड करा, लगेच फ्रीजमध्ये.

१८. उरलेलं किती दिवस टिकतं?

वाढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं तर ३ ते ४ दिवस. गरम करताना आतपर्यंत ७४ अंश व्हायला हवं. फ्रीझरमध्ये महिनाभर चांगलं राहतं. माझं आवडतं: थंडगार स्टफिंगच्या जाड चकत्या तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. जवस घातलेलं असेल तर चकत्या मोडत नाहीत.

१९. ग्लूटेन चालत नाही. पूर्ण धान्याचंच करता येईल का?

हो, आणि तेव्हा पावाची नक्कल करू नका असं मी सांगेन. ४०० ग्रॅम पावाऐवजी सुमारे ९०० ग्रॅम शिजवलेलं धान्य घ्या: निम्मा ब्राउन किंवा वाइल्ड राइस, निम्मा किनोआ किंवा कुट्टू. कुट्टूला इंग्रजीत ‘बकव्हीट’ म्हणतात, पण त्याचा गव्हाशी संबंध नाही. स्टॉक फक्त १०० ते १५० मिलिलिटर, कारण धान्य आधीच पाणी प्यालेलं असतं. गहू, जव आणि राय या तिन्हींत ग्लूटेन असतं, म्हणून माझ्या मूळ प्रमाणातला जवही काढायचा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो; ग्लूटेन नसल्याचं लिहिलेला तमारी (एक जपानी सोया सॉस) घ्या. ओट्स दळताना गव्हाशी मिसळलेले असू शकतात, त्यावर खूण तपासा.

२०. अक्रोडाची अ‍ॅलर्जी आहे.

सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया भाजून घाला. काम कुरकुरीतपणाचं आहे, ते बिया करतात. चेस्टनट हेही अक्रोडासारखं कवचफळच, म्हणून बाहेर स्टफिंग खाताना ते घातलंय का विचारून घ्या, कारण ते भाजून कुस्करलेलं असलं की दिसत नाही.

२१. हेच मिश्रण भोपळ्यात किंवा ढोबळी मिरचीत भरता येईल?

येईल, दोन बदल करून. भाजीतून पाणी सुटतं, म्हणून स्टॉक १०० मिलिलिटर कमी. आणि भोपळा आधी २०० अंशाला ३० ते ४० मिनिटं अर्धवट भाजून घ्या, मिरची १० मिनिटं. मग गरम मिश्रण भरून आणखी २० मिनिटं. कच्च्या भोपळ्यात भरलं तर भोपळा शिजेपर्यंत वरचं स्टफिंग जळतं.

२२. दुप्पट करायचं तर सगळं दुप्पट?

साहित्य दुप्पट, भांडी दोन. एकाच खोल भांड्यात दुप्पट थर लावला तर मधलं वाफेत शिजतं आणि वर खरपूस होणारा भाग निम्माच राहतो. दोन्ही भांडी एका वेळी ओव्हनमध्ये असतील तर १० मिनिटं जास्त धरा आणि मध्ये वरची खाली करा. सेज मात्र पावणेदोनपट पुरते.

२३. घरात बाकी सगळे मांसाहारी आहेत. पक्ष्यातच भरून, माझ्यापुरतं बाजूने काढून घेतलं तर?

नाही. पोटात भरलेल्या स्टफिंगमध्ये भाजताना रस आणि चरबी मुरते, बाजूचा घासही त्यातून सुटत नाही. वेगळं भांडं, आणि एकाच ओव्हनमध्ये असेल तर तुमचं वरच्या कप्प्यात, म्हणजे वरून काही ठिबकणार नाही. पहिली २५ मिनिटं ते झाकलेलं असतंच. वाढायला वेगळा चमचा ठेवा आणि यजमानांना आधीच सांगा. बहुतेकांनी विचार केलेला नसतो, सांगितलं की आनंदाने करतात. उलट बाजूने, तुम्ही यजमान असाल आणि एकच पाहुणा व्हीगन असेल, तर दोन वेगळी स्टफिंग करत बसू नका. सगळ्यांसाठी हेच करा, पण जरा जास्तच करा. मांसाहारी पाहुणेही ते दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि व्हीगन पाहुण्याच्या वाट्याला रिकामं भांडं येतं. असं दोन टेबलांवर घडताना मी पाहिलं आहे. त्यांची एक वाटी आधीच बाजूला काढून ठेवा.